दाराजवळची जागा

रहिमतपूरच्या ख्रिस्ती मंडळीत राहीबाई लोंढे कुठे बसते, हे परगावच्या पाहुण्यालाही पहिल्याच रविवारी कळायचं. सगळ्यांत मागे, दाराला लागून, चपलांच्या शेजारी. पण तिथे ती बसायची ती उपासना सुरू होईपर्यंतच. मग मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे, लालासाहेब उठायचे, दारापर्यंत चालत जायचे आणि म्हणायचे, "बाई, पुढं या." राहीबाई मान हलवायची, इथंच बरी आहे म्हणायची. लालासाहेब पुन्हा म्हणायचे, पुन्हा तीच मान. तिसऱ्या खेपेला ती पदर सावरून उठायची आणि दोन्ही बाजूंच्या बायका गुडघे आत ओढून घ्यायच्या. पुढच्या सतरंजीवर तिची जागा रिकामी ठेवलेलीच असायची. तिथे कुणाचं पोर चुकून जाऊन बसलं, तर शेजारीण ते बखोटीला धरून उचलायची.

एकदा लालासाहेबांचा घसा बसला होता. त्यांनी नुसतं हाताने खुणावलं. राहीबाईला खूण दिसली नाही. दिसली नाही म्हणजे काय, तिने बघितलीच नाही. शेवटी त्यांनी घोगऱ्या आवाजात कसेबसे शब्द काढले, तेव्हा कुठे बाई उठल्या.

"बाईंची जागा मागं, पर जीव फुडं," असं तिची शेजारीण अंबूबाई म्हणायची. राहीबाईच्या तोंडावर नव्हे, पण पाठीमागे फार लांबही नाही.

हे सगळं कुठून आलं ते सांगायला हवं. येशूने सांगितलंय की कुणी लग्नाला बोलावलं, तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नये; तुझ्याहून मोठा कोणी आला, तर तुला उठवतील आणि तुझी शोभा होईल. त्यापेक्षा शेवटच्या जागी बसावं, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर ये. आता यातला मुद्दा माणसाचं मन खाली यावं, हा आहे. पण राहीबाईला यजमानाची हाक तेवढी ऐकू आली. शास्त्र वाचणारे पुष्कळ लोक असेच वाचतात, ती काही एकटी नव्हती.

सुरुवात मात्र खरी होती. तिचा नवरा शांतवन पटकीच्या साथीत गेला तेव्हा लीला कडेवर होती आणि तिला डांग्या खोकला झाला होता. पोर खोकायला लागली की चटकन बाहेर पडता यावं म्हणून राहीबाई दारापाशी बसली. उसनं लुगडं, डोळे सुजलेले, कुणी आपल्याकडे बघू नये एवढीच इच्छा. त्या वेळच्या थोरल्या पाळकांनी तिला बघितलं, उपासना थांबवली, तिला पुढे बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले की या मंडळीत आज सगळ्यांत मोठी हीच आहे. त्या शब्दांनी तिच्या अंगात ऊब आली. माणसाला नवरा गेल्यावर किती थंडी वाजते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तिला दोष देण्यात अर्थ नाही. दोष पुढच्या रविवारचा. पोरीचा खोकला थांबला होता, तरी ती दारापाशीच बसली. त्या एका खऱ्या दिवसावर तिने पुढची वीस वर्षं काढली.

मिशनने तिला बायबलबाई केलं. म्हणजे गावोगाव पायी फिरायचं, बायकांत बसायचं आणि शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. ती हे काम फार चांगलं करायची. उसाच्या मळ्यांतल्या, शेंगा फोडत बसलेल्या मराठ्यांच्या बायकासुद्धा तिला बघून म्हणायच्या, बाई, त्यो गवात खाणारा राजा सांगा की. मग राहीबाई बाबेलच्या राजाची गोष्ट सांगायची. तो महालाच्या गच्चीवर उभा राहिला, हे सगळं मी बांधलं म्हणाला, आणि शब्द तोंडात असतानाच त्याची बुद्धी गेली. तो रानात बैलासारखा चरायला लागला, अंगावर पिसांसारखे केस, नखं पाखराच्या पंजासारखी. बायका गालावर हात मारून घ्यायच्या. गर्व काही फक्त वाड्यात राहतो असं नाही, असं ती वर समजावून सांगायची. मी किती गरीब, मी किती साधी, असं म्हणणाऱ्याच्या झोपडीतसुद्धा तो चूल मांडून बसतो. देवदूत होता त्याला गर्वाने खाली पाडलं, तिथे आपण कोण. तिला सगळं ठाऊक होतं. बोटांवर मोजून सांगण्याइतकं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं.

लीला हुशार निघाली. साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकली, शिक्षिका झाली आणि माधवनगरला गिरणीकामगारांच्या मुलांच्या शाळेत लागली. लढाईचे दिवस, कापडाला मागणी, गिरण्या रात्रंदिवस चाललेल्या. तिथे मागावर काम करणाऱ्या नाथाजी आवळेशी तिने लग्न ठरवलं. मुलगा निर्व्यसनी, मंडळीतला, तबला सुरेख वाजवणारा. अडचण एवढीच की नाथाजीचे आजोबा मांगवाड्यातून ख्रिस्ती झाले होते आणि राहीबाईचे महारवाड्यातून.

ख्रिस्तात आल्यावर वाडे सुटले असं दोन्हीकडचे म्हणत. पाणी एकच, प्याला एकच, प्रार्थना एकच. राहीबाईने स्वतः हे शेकडो वेळा सांगितलेलं. त्यामुळे तिला जे टोचत होतं ते ती कुणाला सांगू शकत नव्हती, स्वतःलाही नाही. मग तिने दुसरं कारण शोधलं. लग्नाचं बोलावणं पत्राने आलं होतं. पत्राने कुठे विहीण होते का, असं ती म्हणाली. कुणी घरी येऊन, उंबऱ्यात उभं राहून विचारलं असतं, तर गेले असते.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने न्हाऊन चांगलं लुगडं नेसलं आणि दाराकडे तोंड करून बसली. लीला कुणाला तरी पाठवील, शेवटच्या घटकेला का होईना, याची तिला खात्री होती. दुपार झाली. अंबूबाई भाकरीचं पीठ मागायला आली, लुगड्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता पीठ न घेताच गेली. संध्याकाळी राहीबाईने लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

पुढे लीलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. राहीबाईने डिंक आणला, अळीव आणले, रेशनच्या दिवसांत कुठून कुठून गूळ जमवला आणि लीला येईल म्हणून वाट बघत बसली. लीला तिकडे आई न्यायला येईल म्हणून वाट बघत बसली. आईने जाऊन लेकीला आणायचं असतं हे राहीबाईला माहीत नव्हतं असं नाही. पण आधी तिने म्हणावं. एका शब्दाने म्हणावं. तो शब्द आला नाही, आणि मूल माधवनगरला झालं, सासूच्या हातांवर. दगडाबाई, नाथाजीची आई, सुईण होती. गिरणीच्या चाळींतली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मली होती.

मग नाथाजी आला. स्वतः आला, गाडीने, रविवारची सुट्टी घालवून. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि बस म्हटल्यावर आत येऊन दाराजवळच बसला. राहीबाईने त्याला चहा दिला, तोही मिशनच्या बाईसाहेबांसाठी ठेवलेल्या पांढऱ्या कपातून. हे तिने मुद्दाम केलं आणि करताना तिला स्वतःचं कौतुक वाटलं. नाथाजीने चहा घेतला आणि उठून मोरीवर कप स्वतः विसळून पालथा घातला. कुठेही गेलं की असंच करायचं, हे त्याच्या हाताला लहानपणापासून शिकवलेलं होतं. राहू द्या, मी धुते, असं राहीबाईने म्हणायला हवं होतं. ती बघत राहिली.

"मामी," नाथाजी पुन्हा बसत म्हणाला, "फुडल्या म्हैन्यात बाळाचा बाप्तिस्मा हाय. बाळाला पाळकाम्होरं तुमी न्यायचं."

"आणि तुझी आई?"

"आईच म्हनली, आईच्या आईचा मान हाय त्यो." मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आनखी एक हाय. लीलानं सांगितलं तसं सांगतो, राग मानू नका. ह्या खेपेला तुमी बाळाला धरलं न्हाई, तर ती परत बोलावनार न्हाई. आनि सवताबी येनार न्हाई."

"रडत होती का म्हणताना?"

"न्हाई. म्हनून तर मला भ्या वाटलं."

यापेक्षा सरळ बोलावणं या जगात मिळत नाही. जावई दारात येऊन सांगून गेला. राहीबाईने देवाचे आभार मानले, आणि खरं बोलायचं तर थोडी मान ताठही केली. शेवटी आले की नाही माझ्या दारी.

बाप्तिस्म्याच्या रविवारी ती पहाटेच्या गाडीने निघाली. स्टेशनवर कुणी येऊ नका, मी विचारत विचारत येईन, असं तिने कळवलं होतं. हेसुद्धा तिचं नेहमीचंच. माधवनगरला मंडळीला मंदिर नव्हतं. शाळेच्या एका लांबट खोलीत तरटं टाकून उपासना व्हायची. पुरुष डाव्या अंगाला, बायका उजव्या. राहीबाई दारात आली तेव्हा खोली भरत आली होती. अगदी पुढे एक ठेंगणी, काळीसावळी, रुंद खांद्यांची म्हातारी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. तीच दगडाबाई. तिच्या एका बाजूला लीला. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी होती, आणि ती कुणी घेऊ नये म्हणून तिथे दुपट्याची घडी ठेवली होती.

चपला काढायच्या आणि चालत जायचं. एवढंच होतं. राहीबाईने चपला काढल्या. आणि पाय आपले आपणच वळले. ती दाराला लागून, भिंतीशी, चपलांजवळ बसली.

तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही. परक्या मंडळीत एकदम पुढे जाऊन बसणं बरं दिसत नाही. विहीण उठेल, येईल, चला म्हणेल. निदान लीला मान वळवील. तिसऱ्या खेपेला आपण उठू. मनात तिने ते उठणं, तो पदर, ती वाट, सगळं बघूनही घेतलं.

दगडाबाईने मागे वळून बघितलं. बाळ सांभाळत लांबूनच हात जोडले आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

लीलानेही बघितलं. तिला आईची सवय चांगली ठाऊक होती. लहानपणी त्या रिकाम्या जागेशेजारी बसून तिने ती वाट पुष्कळदा बघितली होती. तिने आईच्या डोळ्यांत बघितलं, जराही हसली नाही, हाक मारली नाही.

राहीबाईशेजारी उशिरा आलेली एक बाई टेकली, बनुबाई नावाची, मांडीवर दोन पोरं. तिने सहज विचारलं, तुमी कुठल्या. राहीबाईने सांगितलं. बनुबाईचा जीव केवढा तरी मोठा झाला. लीलाबाईंची आई, मग इथं का, पुढं जावा की, म्हणाली.

"इथंच बरी आहे," राहीबाई म्हणाली.

"बरं, बसा मग," बनुबाई म्हणाली आणि तिला ऐसपैस बसता यावं म्हणून पोरांना घेऊन सरकली.

राहीबाई थक्क झाली. वीस वर्षांत तिच्या या शब्दांवर कुणी विश्वास ठेवला नव्हता. रहिमतपुरात त्या शब्दांचा अर्थ 'पुन्हा म्हणा' असा होता, आणि तो लहान पोरालाही कळायचा. इथे लोक बोललेलं तसंच्या तसं घेत होते. आता दुसरी हाक येणार नव्हती, आणि दुसरी नाही तर तिसरी कुठून येणार.

त्यात बनुबाईने भलेपणाने आणखी एक केलं. ही गोष्ट पुढच्या बाईच्या कानात सांगितली, तिने आणखी पुढे, आणि अशी ती पाळकांपर्यंत गेली. पाळक मानसिंगराव तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्या दिवशी ते गर्वावरच बोलणार होते. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "सगळ्यांनी मागं बघा."

सगळ्यांनी मागे बघितलं.

ते म्हणाले, या मातेच्या नातीचा आज बाप्तिस्मा आहे. पुढे तिच्यासाठी जागा ठेवली आहे. तिला पुढे जा म्हटलं, तरी ती म्हणाली, इथंच बरी आहे. देव गर्विष्ठाच्या आडवा येतो आणि नम्राला कवेत घेतो, हे आपण वाचतो; आज ते आपल्याला बघायला मिळालं. प्रभू स्वतः सगळं सोडून, रिकामा होऊन खाली आला, दासासारखा झाला. त्याच्या वाटेवर चालणारं माणूस कसं असतं, ते बघून घ्या. आता मी वेगळं काय सांगू. असं म्हणून त्यांनी बराच वेळ वेगळंही सांगितलं.

एरवी एवढ्या शब्दांवर राहीबाई वर्षभर जगली असती. आज त्यातल्या प्रत्येक शब्दाने तिला जमिनीला ठोकून बसवलं. आता उठायचं म्हणजे पाळक खोटे पडणार. न उठायचं म्हणजे लीला जाणार. ती एक पाय पोटाशी घेऊन बसली होती, तो बधिर झाला होता, पण पाय बदलला तर उठायला निघाली असं दिसेल म्हणून तोही तिने बदलला नाही. देवाने मला हाक मारावी, असं तिने मनात म्हटलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की हीही तीच वाट बघणं आहे. फक्त लालासाहेबांच्या जागी तिने आता देवाला उभं केलंय.

गाणं झालं. पाळकांनी पाण्याचं भांडं पुढे घेतलं आणि विचारलं, बाळाला कोण आणतंय?

लीलाने मागे बघितलं. सावकाश, सरळ, आईकडे. राहीबाईचे ओठ हलले. हाक मार, असं ती म्हणत होती, आवाज न काढता. एकदाच, राणी. 'आई' एवढं म्हण. लीलाला ते कळलं असलं पाहिजे, कारण तिने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मान परत वळवली.

दगडाबाई थोडी थांबली. मग गुडघ्यावर हात टेकून बाळाला घेऊन उभी राहिली.

मुलीचं नाव सुवार्ता ठेवलं. नाव उच्चारणारा दगडाबाईचा जाडाभरडा आवाज राहीबाईने दारापाशी बसून ऐकला. पाणी पडल्यावर बाळ रडलं, तेही ऐकलं. दिसलं काही नाही. पुढच्या बायका उंच होऊन बघत होत्या.

जेवण नाथाजीच्या चाळीत होतं. खोलीत आणि पडवीत पंगत बसली. जाता जाता चार बायकांनी राहीबाईच्या पायांना हात लावला, तुमच्यासारखं मन आमाला कवा मिळायचं म्हणाल्या. ती आत न जाता नळापाशी जाऊन उभी राहिली. नाथाजी येऊन विचारून गेला की संध्याकाळच्या गाडीला टांगा सांगू का. तिने सांग म्हटलं.

मग लीला आली. हातात रिकामी घागर होती; ती तिने नळाखाली लावली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

"पाळकांनी तसं म्हटल्यावर मी कशी उठणार होते?" राहीबाई म्हणाली.

"पाळक नंतर बोलले."

"तू एक हाक मारली असतीस तर—"

"तर तू आली असतीस. ठाऊक आहे मला. म्हणूनच मारली नाही." घागर भरत आली होती. लीलाचा आवाज वर्गात फळ्यासमोर असावा तसा सरळ होता. "आई, तू खाली बसत नाहीस. तू वाट बघत बसतेस. माझ्या लग्नात बसलीस, बाळंतपणात बसलीस. सासूबाईंना काय वाटलं सांगू? त्यांना वाटलं, तुला त्यांच्या तरटावर बसायचं नाही. त्या मला म्हणाल्या, असू दे, त्यांना लाजवू नको."

"तसं नव्हतं."

"नव्हतं?"

राहीबाईच्या डोळ्यांपुढे मोरीवर पालथा घातलेला पांढरा कप आला. लीलाने घागर कमरेवर घेतली आणि गेली.

टांगा यायला वेळ होता. आत जाण्याची गरज नव्हती. इथूनच निघता आलं असतं, आणि आयुष्यभर सांगताही आलं असतं की मला कुणी आत या म्हटलं नाही. खोटंही झालं नसतं. राहीबाई त्या विचारापाशी बराच वेळ उभी राहिली. मग ती खोलीत शिरली.

बायका जेवत होत्या. कुणी गुडघे आत घेतले नाहीत. तिला त्यांच्या पायांवरून, पत्रावळींमधून, माफ करा, जरा, जरा, म्हणत जावं लागलं. एकीच्या आमटीला पदर लागला आणि ती खेकसली. दगडाबाई भिंतीशी बाळाला घेऊन बसली होती. राहीबाई तिच्यासमोर उभी राहिली.

"विहीणबाई, मला धरू द्या तिला."

दगडाबाईने वर बघितलं. तिने ना आश्चर्य दाखवलं, ना समाधान.

"हात धुतलं का?"

राहीबाईच्या कानशिलात रक्त चढलं. महारवाड्यातल्या तिच्या आजीला हे ऐकून काय वाटलं असतं, असा विचार आला आणि तो आलाच याची लाजही वाटली. दगडाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सुईण होती. गिरणीच्या मालकाची बायको आली असती, तरी तिने हेच विचारलं असतं.

राहीबाई आली तशी परत गेली, पुन्हा त्याच पायांवरून, आणि नळावर हात धुऊन आली.

"पदराला पुसू नका," दगडाबाई म्हणाली. "वाळू द्या."

मग बायबलबाई राहीबाई लोंढे भर पंगतीत, ओले हात पुढे धरून, हात वाळेपर्यंत उभी राहिली. कुणी बघत नव्हतं. आणखी कढी वाढा म्हणून कुणी ओरडत होतं. शेवटी दगडाबाईने सरकून जागा केली, बाळ तिच्या हातात दिलं, मानेखाली हात ठेवा म्हणाली आणि स्वतः जेवायला बसली. सुवार्ता झोपेतच होती. लीला चुलीपाशी होती. तिला यातलं काही दिसलं नाही. तिला हाक मारून, बघ, मी आले, असं म्हणायला राहीबाईचं तोंड उघडलंही होतं. ते तिने मिटलं. सोपं गेलं नाही.

लीलाला नंतर कुणाकडून तरी कळलं. टांग्यापाशी ती आली तेव्हा बोलली थोडंच. म्हणाली, "मी बोलावणं पाठवणार नाही, आई. आता कधीच नाही. यायचं असलं तर ये."

पुढच्या रविवारी रहिमतपुरात राहीबाई दारातून आत आली आणि सरळ जाऊन मधल्या रांगेत, जिथे जागा दिसली तिथे, दोन बायकांच्या मधे बसली. लालासाहेब सवयीने दारापर्यंत चालत गेले, चपलांपाशी कुणी नाही असं बघून गोंधळले आणि परत येताना त्यांना गाण्याचा आकडा आठवेना. पुढची रिकामी जागा रिकामीच राहिली. उपासना संपल्यावर बाहेर कुजबुज सुरू झाली. माधवनगरच्या पाळकांनी भर मंडळीत बाईंची स्तुती केल्याची बातमी एव्हाना गाडीने येऊन पोचली होती. सगळ्यांनी मग दोन्ही गोष्टी जोडल्या.

"चढलंय बाईंना," अंबूबाई म्हणाली, या वेळी पाठीमागे नव्हे. "बोलवायच्या आदीच येऊन बसत्यात आता."

राहीबाई वळली. खरं काय घडलं, ते सांगणं सोपं होतं. पण कसंही सांगितलं तरी ते, बघा, मी किती नम्र झाले, असंच निघालं असतं. दोन्ही वाटा बंद होत्या. गर्व होता तेव्हा लोक तिला नम्र म्हणत होते. आता जरा कुठे वाकायला शिकली, तर गर्विष्ठ म्हणत होते, आणि तिला गप्प बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. त्या गप्प बसण्याने तिला किती जाळलं ते तिचं तिला माहीत. महिनाभर तिच्याशी कुणी नीट बोललं नाही. ती मधल्या रांगेतच बसत राहिली.

महिना संपता संपता एका सकाळी ती हातात गाठोडं घेऊन स्टेशनच्या वाटेला लागली. अंबूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आवं बाई, कुठं निघाला?"

"माधवनगरला."

"लेकीनं बोलावलं व्हय?"

"नाही," राहीबाई म्हणाली. "कुणी नाही." आणि चालू लागली.